चौथ्या मजल्यावरची काच

३ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. तीन महिने पत्र नाही, याबद्दल तू जे काही बोलणार आहेस ते मी इथे बसून ऐकतो आहे, तेव्हा पुन्हा लिहायचे कष्ट घेऊ नकोस. पुलाच्या कामातून मान वर करायला फुरसत मिळत नाही.

बातमी अशी, की चिमणीच्या शाळेची सहल तुमच्या शहरात येते आहे. मंगळवारी, वीस तारखेला. बेचाळीस मुली आणि दोन बाई. शहर दाखवायला आपली आत्याच असणार हे कळल्यापासून लेकीचे पाय जमिनीवर नाहीत. माझी आत्या बावीस वर्षं शहर दाखवते, मनोऱ्याची राखण करते, तिला दगडन् दगड ठाऊक आहे, हे वर्गात सगळ्यांना सांगून झालंय.

तिला सगळं दाखव. पूल, वेस, ग्रंथालय, नकाशांचं संग्रहालय. फक्त मनोऱ्यावर नेऊ नकोस. खालूनच दाखव. कारण विचारू नकोस, माझ्या मनाचे खेळ असतील. पण नेऊ नकोस.

तुझा
धाकटा


७ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच. तू ऐकतो आहेस म्हणालास म्हणून बोलत नाही. नुसता कान पिरगळला आहे असं समज.

सहलीचा बेत ऐक. सकाळी आठ वाजता जुना पूल. गाड्यांची चाकं जाऊन जाऊन दगडात बोटभर खोल चाकोऱ्या पडल्यात, त्यांतून मुलींना चालायला लावते. मग वेशीचा दरवाजा. मग ग्रंथालय. तिथली रुळावर सरकणारी शिडी आठवते ना? ग्रंथपालांची पाठ वळली की दोघी-दोघींनी एकेक फेरी मारून घ्यायची. मग नकाशांचं संग्रहालय. तिथल्या सगळ्यांत सुंदर नकाशात नदी शहराच्या भलत्याच बाजूला आहे, कारण काढणारा गृहस्थ इथे कधी आलाच नव्हता. घरी बसून शहर काढलं की असं होतं, असं मी म्हणते आणि लोक हसतात. बावीस वर्षं हसताहेत.

आणि सव्वाअकराला मनोरा. दोनशे अकरा पायऱ्या चढून वर गेलं की बाराचे ठोके डोक्यावरच पडतात. पोटात घुमतात अगदी. मनोरा खालून दाखवायचा म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताटाचं चित्र दाखवायचं. शाळेने पाठवलेल्या कागदावर मनोरा सगळ्यांत वर आहे. एकेचाळीस मुली वर जाणार आणि माझी सख्खी भाची खाली चौकात कबुतरं मोजणार?

तू भिंतीवर लावलेल्या काचपट्ट्यांचा घोर असेल तर सोड. त्या माझ्या ताब्यात आहेत.

ताई


११ फेब्रुवारी

ती. ताई,

घोर पट्ट्यांचाच आहे. आता सांगूनच टाकतो.

दोन वर्षांपूर्वी मी एकटाच तुझ्याकडे राहून तिथल्या दुरुस्ती खात्यात होतो, तेव्हा मनोऱ्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला तडे दिसले. चौथ्या मजल्यावर मोठा, दुसऱ्यावर बारीक. त्यांच्यावर मी पाच पट्ट्या लावल्या. दुरुस्ती होईपर्यंत कुणाला वर सोडू नका, असंही साहेबांना म्हणालो. ते म्हणाले, पट्ट्या फुटल्या तर बघू, तोवर पाहुण्यांना काय सांगायचं? मी चिडलो आणि बदली मागून इकडे आलो. खरं सांगू? चिडलो नव्हतो, भ्यालो होतो. आपल्या नावावर असं काही नको, म्हणून पळालो.

तेव्हापासून दर महिनाअखेरीला रजिस्टरमध्ये तू नोंद करतेस. तर एकदा वर जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पाचही शाबूत आहेत का? दोन वर्षं शाबूत असतील तर मनोऱ्याला काही झालेलं नाही, तुझा भाऊ भित्रा आहे, आणि चिमणीला खुशाल वर ने.

उद्यापासून आठवडाभर पुलाच्या कामावर मुक्काम आहे. पत्र घरीच पाठव.

धाकटा


१५ फेब्रुवारी

भित्र्या भावा,

परवा खास तुझ्यासाठी वर गेले. पाचही शाबूत. नुसत्या शाबूत नाहीत, लखलखीत. रजिस्टर उघडून बघितलं, चोवीस महिने, चोवीस वेळा ‘शाबूत’, सगळं माझ्या अक्षरात. साहेब वरच्या कचेरीतल्या लोकांना ते पान उघडून दाखवतात.

तुझ्या ताईच्या कारभारात खोट निघायची नाही. फुटकी पट्टी मी दुसऱ्या दिवसापर्यंतसुद्धा भिंतीवर राहू दिलेली नाही. फुटलेली दिसली की काढायची, तडा पुसून घ्यायचा, नवी लावायची. तू कपाटात पट्ट्यांचा गठ्ठा आणि चिकटवायचा डबा ठेवून गेलास, ते फार बरं केलंस. भिंतीला आधार हवा म्हणून लावल्यात, तर तो आधार तुटका ठेवून कसं चालेल? आणि पोरंबाळं हात लावतात. काच लागली तर बोल मलाच.

पहिल्या वर्षी दोनच बदलाव्या लागल्या. यंदा मात्र चौथ्या मजल्यावरची मधली सारखी जाते. हल्ली तर आठवड्यालाच. परवाही नवीच लावून आले. अलीकडे काच हलकी येते का रे? जुन्या मालाची सर नाही कशाला. गठ्ठ्यात आता तीनच उरल्यात, चिमणीबरोबर डझनभर पाठवून दे.

चौथ्या मजल्यावरचं दारही हल्ली चौकटीत अडकतं, खांदा लावावा लागतो. हवेने फुगलं असणार.

ताई


तार. २० फेब्रुवारी, सकाळी १०.४०

मनोरा बंद कर. कोणालाही वर सोडू नको. वर असतील तर उतरव. घंटा वाजवू देऊ नको. धाकटा.


तार. २० फेब्रुवारी, दुपारी १.१०

सगळ्या खाली. चिमणी सुखरूप. ताई.


२० फेब्रुवारी

ती. ताई,

तुझी तार दीड वाजता आली. त्याआधीचे तीन तास मी कसे काढले ते लिहीत नाही. कामावरून आज सकाळी घरी आलो तर तुझं पत्र दोन दिवस न उघडता पडून होतं. उभ्या उभ्या वाचलं. तुमच्या कचेरीत फोन लावला, कुणी उचलेना. तारघरात पोचेपर्यंत मला स्वतःच्या मुलीचं नावसुद्धा आठवत नव्हतं.

ताई, ती काच भिंतीला आधार द्यायला नाही. अंगठ्याएवढी काच भिंत काय धरणार? ती तड्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच ताणली जात नाही, तुटते. तुटावी म्हणूनच ती लावायची असते. तुटली, की समजायचं भिंत चालायला लागली. मग दार बंद करायचं आणि माणसं बोलवायची. तुटलेली पट्टी म्हणजे भिंतीने दिलेली साक्ष. तू दर वेळी साक्षीदाराला हाकलून त्याच्या जागी नवा उभा केलास, आणि वर लिहिलंस, शाबूत.

आठवड्याला तुटते म्हणजे काय, हे आता तुला सांगायला नको. दार हवेने फुगलेलं नाही, चौकट तिरकी झाली आहे.

तुला बोल लावत नाही. कसा लावू? हे सगळं मी अहवालात लिहिलं, साहेबांना सांगितलं, आणि रोज ज्या बाईला तिथे चढायचं तिला एका शब्दाने सांगितलं नाही. सख्खी बहीण, रोज संध्याकाळी एका टेबलाशी जेवत होतो. वर तो गठ्ठा कपाटात ठेवून आलो, आवरायचा कंटाळा म्हणून. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो हा.

साहेबांना लगेच सगळं सांग. उशीर करू नकोस.

धाकटा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र अजून यायचं आहे. पण तारेत ‘घंटा’ हा शब्द वाचला तेव्हाच निम्मं कळलं, आणि उरलेलं चौथ्या मजल्यावर.

अकरा पस्तीसला तार हातात पडली. मी खाली दाराशी होते. एका बाईंचे गुडघे दुखत होते, त्यांना बाकावर बसवून निघणारच होते. वर बेचाळीस मुली, दुसऱ्या बाई आणि घंटा वाजवणारे घड्याळजी. पहिल्यांदा वाटलं, खालून ओरडावं. तोंड उघडलंही होतं. मग तो जिना डोळ्यांपुढे आला. एका वेळी एकच माणूस मावतो, हाताला कठडा नाही, मधोमध पायऱ्या झिजून गुळगुळीत. बेचाळीस पोरी धावत सुटल्या तर मनोरा पडायची वाट बघायलाच नको.

म्हणून चढले. चौथ्या मजल्यावरची मधली पट्टी तुटली होती. सोमवारी सकाळीच लावली होती रे! निम्मी डावीकडे, निम्मी उजवीकडे, आणि दोघींची टोकं समोरासमोरही नव्हती, एक खाली उतरली होती. मी तड्यात बोट घालून बघितलं. गेलं. मागच्या आठवड्यात नखसुद्धा जात नव्हतं.

वर पोचले तेव्हा बाराला अठरा मिनिटं कमी होती. घड्याळजींना कमी ऐकू येतं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, आज बारा वाजवायचे नाहीत. ते म्हणाले, “एकतीस वर्षांत एक ठोका चुकला नाही माझा. बारा वाजणार नाहीत तर काय शहराने पावणेबारावरच बसून राहायचं?” मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. गळ्यातला मफलर काढला आणि घंटेच्या हातोड्याला करकचून बांधून टाकला.

मुलींना मी म्हटलं, आता एक गंमत. पूर्वी पहारेकरी या जिन्यावरून असे उतरायचे की मांजरालासुद्धा चाहूल लागत नसे. बघू, तुमच्यातली कोणती तुकडी आवाज न करता उतरते. सहा-सहांच्या सात तुकड्या. एक तुकडी खालच्या वळणावर दिसेनाशी झाली की दुसरी. पहारेकऱ्यांची ती गोष्ट मी तिथल्या तिथे रचली. बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटा इतिहास सांगितला.

चिमणीला पहिल्या तुकडीत घालणं माझ्या हातात होतं. मनात आलंही. पण बाकीच्या एकेचाळीस जणींनाही आया आहेत. ती म्हणाली, मी आत्याबरोबर शेवटी येणार, आणि मला नाही म्हणवेना. यासाठी तू मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकते.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो तेव्हा डोक्यावरून बारीक वाळू गळत होती. चिमणीच्या केसांत पडली. तिने विचारलं, हे काय? मी म्हटलं, म्हातारा मनोरा आहे, कोंडा झालाय त्याला. पोरी फिस्सकन हसल्या. मी सगळा वेळ हसत होते, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. बाहेर आलो तर चौकातले सगळे लोक मान वर करून घड्याळाकडे बघत होते. बारा वाजून सात मिनिटं झाली होती आणि ठोके पडले नव्हते.

आता साहेब काय म्हणाले ते ऐक. म्हणाले, “बाई, मनोरा उभा आहे. काय झालं? काही नाही झालं. घंटा बंद ठेवून तुम्ही शहरभर बोभाटा मात्र केलात.” रजिस्टर माझ्यासमोर आपटलं. चोवीस वेळा शाबूत. सोमवारी, सव्वीस तारखेला बाहेरगावचे साठ पाहुणे येताहेत, मोठमोठी माणसं. मनोरा उघडायचा म्हणजे उघडायचा.

मला फार भीती वाटते. मनोरा पडेल याची वाटते. आणि फक्त तुला बोलते, आणखी कुणाला सांगू नकोस: तो पडला नाही तर लोक मला वेडी ठरवतील, याचीही वाटते. अशी भीती मनात येते म्हणून स्वतःची लाज वाटते.

ताई


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं. तीन वेळा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले. साक्षीदाराला हाकललं, हे तू बरोबर लिहिलंस. एकेक करून अठरा जणांना हाकललं मी. काल आठवून आठवून सगळ्या तारखा काढल्या. काही दिवशी तर पट्टी बदलून लगेच शाळेतल्या मुलांना वर नेलं होतं, आणि आज सगळं कसं चकचकीत आहे म्हणून खूश होते.

त्या तारखा लिहून, खाली सही करून कागद साहेबांना दिला. नोंदी खोट्या आहेत, चूक माझी आहे, मनोरा चालतो आहे, असं स्पष्ट लिहिलं. त्यांनी वाचला. नीट घडी घातली आणि खणात ठेवला. म्हणाले, “हे तुम्ही लिहिलंच नाही असं समजू. रजिस्टरमध्ये शाबूत आहे ना? मग शाबूत. पाहुणे गेले की बघू.”

तेव्हा मी एक गोष्ट केली आहे. या पार्सलात जड लागतंय ते काय, ते आता सांगते. मनोऱ्याच्या दाराची किल्ली. एकच आहे. दुसरी माझ्या आधीच्या राखणदाराच्या काळात हरवली, ती कुणी करून घेतली नाही. दार फोडायचं म्हटलं तर ते तीनशे वर्षांचं आहे, त्याला साधा खिळा ठोकायलाही वरच्या कचेरीची परवानगी लागते, आणि ती परवानगी दोन महिन्यांच्या आत आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. जन्मभर ज्या कारभाराला नावं ठेवली तो एकदाचा उपयोगी पडतोय.

सोमवारी मला विचारतील. मी खरं तेच सांगणार: किल्ली माझ्याकडे नाही. चोवीस महिने न कळता खोटं लिहिलं, आता कळून एकही खोटं बोलायचं नाही, असं ठरवलंय.

पण मी स्वतःला ओळखते. साहेबांचा आवाज चढला की मी हो म्हणून मोकळी होते. नोकरी जाईल म्हणतील, पोलिसांत देऊ म्हणतील, आणि मी मऊ पडेन. मग तुला पत्र येईल, की किल्ली परत पाठव. अक्षर माझं असेल, सही माझी असेल. तरी पाठवू नकोस. मी पाया पडले तरी पाठवू नकोस.

ताई


२६ फेब्रुवारी

चि. बंधूस,

मनोऱ्याची किल्ली नजरचुकीने तुमच्याकडील पार्सलात आली आहे. ती परतीच्या टपालाने पाठवून द्यावी. मनोरा सुस्थितीत असून रजिस्टरमधील सर्व नोंदी बरोबर आहेत.

आपली भगिनी


१ मार्च

ती. ताई,

हे पत्र साहेबांच्या खोलीत उभी राहून मोठ्याने वाच.

साहेब, किल्ली माझ्याकडे आहे. ती नजरचुकीने आलेली नाही, मी मागवून घेतली आहे. बहिणीला त्यात ओढू नये. भिंतीवर काचपट्ट्या मी लावल्या. उरलेला गठ्ठा कपाटात मी ठेवला. फुटलेली पट्टी बदलायची नसते, हे राखणदाराला मी सांगितलं नाही, आणि दोन वर्षांत तुम्हीही सांगितलं नाही. माझ्या अहवालाच्या सहाव्या पानावर ते लिहिलेलं आहे. त्याची एक प्रत माझ्याजवळ आहे, दुसरी आज वरच्या कचेरीला टपालाने गेली. खाली माझं नाव आणि पत्ता आहे. अठरा तारखांचा तुमच्या खणातला कागदही त्यांना दाखवावा लागेल, तो सांभाळून ठेवा.

मंगळवारी, सहा तारखेला मी किल्ली घेऊन येतो. दार तुमच्यासमोर उघडेन. मग आपण दोघे चौथ्या मजल्यापर्यंत जाऊ. पुढे तुम्ही, मागे मी. तुम्ही तड्यात बोट घालून बघा आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात शाबूत लिहा. तयारी नसेल तर मी यायच्या आधी दारावर ‘बंद’ अशी पाटी लावा.

ताई, इथे थांब. पुढचं त्यांना वाचून दाखवू नकोस.

साहेबांनी पाटी लावली नाही तर मला खरंच वर जावं लागेल, आणि आत्तापासूनच मी त्या पायऱ्या मोजतो आहे. या वेळी पळणार नाही, एवढंच सांगतो. तुझी नोकरी गेली तर आपण दोघं मिळून बघू. पट्ट्या मी लावल्या, निस्तरायचं तुझ्या एकटीवर पडू देणार नाही.

चिमणी सहलीबद्दल फार कमी बोलते. शिडीचं सांगितलं, भलत्या बाजूच्या नदीचं सांगितलं. काल शाळेची वही आवरता आवरता तिने विचारलं, “बाबा, आत्याला मनोऱ्याची भीती वाटते का?” मी म्हटलं, बावीस वर्षं चढते-उतरते ती, तिला कसली भीती? तर म्हणाली, “मग खाली येताना तिचा हात इतका का कापत होता? मी मुद्दाम शेवटी थांबले होते. तिला कुणीतरी धरायला नको?”

तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

तुझा
धाकटा